ध्रुवावर ओढत नेलेली घरे

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हाही रावेर-सावद्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये केळी गारव्यात पिकत असतात. ही करामत भिंतीतल्या पफ पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तावदानांची. तसलीच भिंत उलट कामाला लावली, म्हणजे ऊब आत कोंडायला, आणि खोली स्लेजवर, म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाडीवर बसवून पुढे ट्रॅक्टर जोडला, की अंटार्क्टिकातले फिरते घर तयार.

अशा घराची गरज पडली, कारण तिथे तंबूत भागत नव्हते. १९११ च्या हिवाळ्यात ब्रिटिश संशोधक स्कॉटच्या मोहिमेतले तिघे अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या केप क्रोझियरला गेले, तेव्हा श्वास आणि घाम गोठून झोपायच्या पिशव्या ओझे होऊन बसल्या. एका जागी पक्के घर बांधावे तर बर्फ ते गाडून टाकतो. १९३४ मध्ये अमेरिकेचा रिचर्ड बर्ड अशाच पुरलेल्या खोलीत एकटा राहिला. त्याला थंडीने नव्हे, स्टोव्ह-जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने जवळजवळ मारले. या इतिहासातली खरी अडचण मला हीच वाटते: ऊब टिकवायला फटी बुजवायच्या, आणि त्या बुजवल्या की धूरही आतच राहतो.

१९३९ ची ‘स्नो क्रूझर’ ही सुमारे १७ मीटर लांबीची चालती प्रयोगशाळाच होती, पण गुळगुळीत टायर बर्फात जागच्या जागीच फिरत राहिले. रिव्हर्समध्ये म्हणे बरी चालायची!

जमले ते १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे अनेक देशांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास केला त्या काळात. बर्फाची जाडी मोजत शेकडो किलोमीटर जायचे, तर यंत्रांनाही उबदार खोली हवी होती. एडमंड हिलरी शेतीच्या फर्ग्युसन ट्रॅक्टरमागे ‘कॅबूज’ नावाची खोली ओढत ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला. त्याच मोहिमेत खंड ओलांडत पलीकडून येणाऱ्या ब्रिटिश संशोधक फुक्सच्या तुकडीतला जेफ्री प्रॅट मात्र गाडी चालवताना कार्बन मोनॉक्साइडनेच आजारी पडला.

सोव्हिएत ‘खार्कोव्हचांका’ने २६ डिसेंबर १९५९ ला ध्रुव गाठला. सुमारे ३५ टनांच्या या गाडीत राहण्याची केबिन आणि इंजिन एकाच छताखाली होते. दुरुस्ती आत बसूनच व्हायची, पण इंजिनाचा धूरही केबिनमध्ये शिरायचा. पुढच्या आवृत्तीत इंजिन बाहेर, बॉनेटखाली गेले.

आज किनाऱ्यापासून सुमारे ११०० किलोमीटर आत असलेल्या कॉन्कॉर्डिया तळाकडे फ्रेंच ट्रॅक्टरांचा तांडा निघतो, तेव्हा राहण्याची खोली एका स्लेजवर असते आणि जनरेटर दुसऱ्या.