मोरी तुंबली, पाणी उलटं आलं: भाड्याच्या घरात राहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

पाणी वर यायला लागलं की पहिला फोन बहुतेक जण आम्हालाच, म्हणजे तुंबलेली लाइन साफ करणाऱ्यांनाच करतात. त्याआधी घरातले सगळे नळ बंद करा, वॉशिंग मशीन चालू असेल तर तेही. पाणी ज्या खोलीत शिरलंय तिचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) खाली पाडा. स्विचबोर्डाखालीच पाणी साठलं असेल तर त्यात पाय घालू नका, खालच्या मीटरच्या खोलीतून मेन बंद करायला सांगा. आणि मग दोन मिनिटं नुसतं बघा, पाणी नेमकं कुठून येतंय.

तुंबलंय कुठे?

फक्त किचनचं सिंक भरलंय, बाथरूममधलं पाणी व्यवस्थित जातंय, तर घोळ तुमच्याच घरात आहे आणि तो बहुतेक वेळा सिंकखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये (पाइपाला लावलेल्या बाटलीसारख्या भांड्यात) सापडतो. खाली बादली ठेवा आणि ट्रॅपची वाटी हाताने फिरवून काढा. आत राखाडी रंगाचा लगदा दिसेल. तळणीचं तेल, चहाचा चोथा आणि कणीक. कणकेचे हात आणि परात आपण सिंकमध्ये धुतो, ती कणीक पाइपात बसते, वर तेलाचा थर चढतो आणि दोन महिन्यांत त्याचा दगड होतो. दिवाळीच्या फराळानंतरचा आठवडा आमचा सगळ्यात धावपळीचा असतो, तो उगीच नाही.

तुम्ही थेंबभर पाणी वापरलेलं नाही, तरी बाथरूमच्या फरशीतल्या नहाणी ट्रॅपच्या जाळीतून बुडबुडे येतायत, वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की गुडगुड ऐकू येते आणि काळं पाणी वर चढतं, असं असेल तर तुमच्या बाथरूमचा काही दोष नाही. सगळ्या मजल्यांचं पाणी खाली नेणारी इमारतीची उभी लाइन किंवा खालचा चेंबर (सांडपाणी जमा होतं ती जमिनीतली झाकणाची टाकी) तुंबलाय. अडलेलं पाणी सगळ्यात खालचं उघडं तोंड शोधतं, म्हणून तळमजल्यावर राहणाऱ्याची नहाणी आधी भरते. वॉचमनला चेंबरचं झाकण उघडायला सांगा. चेंबर काठोकाठ भरलेला असेल तर अडथळा त्याच्या पुढे आहे. घरात पाणी तुंबलेलं आणि चेंबर कोरडा असेल, तर अडथळा तुमच्या घरापासून चेंबरपर्यंत कुठेतरी आहे. दोन्हीचे फोटो काढून ठेवा, साफसफाई त्यानंतर.

पैसे कोणी द्यायचे?

हे आधी लिहायला हवं होतं, कारण भांडण इथेच होतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सामाईक ड्रेनेज लाइन आणि तिच्यातून होणारी गळती हा सोसायटीचा खर्च. फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकच्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटवाल्याचा. त्यातला मालकाचा वाटा किती आणि तुमचा किती, हे तुमच्या करारावर ठरतं. अकरा महिन्यांच्या लिव्ह-लायसन्सवर असाल तर दुरुस्तीचं कलम आजच वाचून ठेवा. लिव्ह-लायसन्सवर नसून कायद्याने रीतसर भाडेकरू असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर चांगल्या स्थितीत ठेवणं मालकाचं काम आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊन, त्यानंतर वाजवी वेळ जाऊनही त्यांनी दुरुस्ती केली नाही, तर ती तुम्ही करून खर्च भाड्यातून वळता करू शकता. मात्र एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही.

मागच्या पावसाळ्यात तळमजल्याच्या एका घरी गेलो होतो. तीन मुलं भाड्याने राहत होती. घरमालक म्हणत होते, यांनीच काहीतरी टाकलं असणार, डिपॉझिटमधून कापतो. चेंबरच्या तोंडाशी आमची स्प्रिंग (पाइपात फिरवत घालायची लांब लवचीक तार) अडकली आणि बाहेर आला सिमेंटचा नारळाएवढा गोळा, त्यात फरशीचे तुकडे. तिसऱ्या मजल्यावर बाथरूमचं काम चालू होतं आणि गवंडी घमेलं तिथल्याच नहाणीत धूत होता. गोळ्याचा फोटो मालकांना गेला, डिपॉझिट वाचलं. तेव्हापासून अडथळा कुठे होता आणि काय निघालं, हे आम्ही प्रत्येक बिलावर लिहून देतो. ते बिल टाकून देऊ नका.

ॲसिड ओतू नका

आमची ही एकच हात जोडून विनंती. ॲसिडने जुना बिडाचा पाइप आणि फरशीचे सांधे खाल्ले जातात. कॉस्टिकची पूड साठलेल्या पाण्यात तापते आणि पीव्हीसी नरम पडतो. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो, तोही बंद बाथरूममध्ये. आणि ट्रॅप उघडणारा आमचा माणूस त्या पाण्यात हात घालतो. काही ओतलं असेल तर लाज न बाळगता आधी सांगा.

चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये आम्ही माणूस उतरवत नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे, आणि आतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. काम जेटिंग मशीननेच (जोरदार दाबाच्या पाण्याने लाइन साफ करणाऱ्या यंत्राने) होईल. "पाचशे जास्त घ्या पण आत उतरा" असं कृपया म्हणू नका.

पाणी ओसरल्यावर

गटाराचं पाणी लागलेली गादी, उशी, सोफ्याचा फोम वाळवून वापरू नका, टाकून द्या. स्टीलची, काचेची भांडी साबणाने धुऊन उकळत्या पाण्यातून काढली की चालतात. साफ करताना रबरी हातमोजे आणि बूट घाला. पायाला जखम असेल तर तुम्ही त्या पाण्यात उतरूच नका. उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) जखमेतून सहज शिरतो, डोळे-नाक-तोंडातूनही शिरू शकतो. नंतर ताप आला तर डॉक्टरांना या पाण्याबद्दल आवर्जून सांगा.

कपाटं विटांवर उचला आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की परत बसत नाही. भिंतीला घाईने पुट्टी-रंग लावलात तर दसऱ्यापर्यंत पोपडे धरतील. ओल गेली का ते बघायला भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे, रंगारी पुढच्या महिन्यात बोलवा.

सामानाचा विमा भाडेकरूलाही काढता येतो. 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून, ओसंडून झालेलं नुकसान धरलेलं आहे. गटार उलटं आलं तर काय, हे पॉलिसी घेतानाच विचारून घ्या.

फोन करताना एवढं सांगा: मजला कितवा, कुठली जाळी भरली, चेंबर भरलेला की कोरडा, आणि आत काय ओतलं. यावरून स्प्रिंग आणायची की जेटिंगची गाडी, हे आम्ही निघण्याआधीच ठरवतो आणि दुसरी फेरी वाचते.