गुलमोहराच्या भुग्यातली भातुकली

जूनमध्ये आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत गुलमोहराची छाटणी झाली. फांद्यांचा भुगा माळीकाकांनी जास्वंदीच्या बुंध्याशी पसरला. ऑगस्टमध्ये पाहते तर त्यावर कुणीतरी भातुकली मांडून ठेवलेली! इवलीइवली बोळकी, तोंड जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर. बाहेरून तपकिरी, आतून राखाडी आणि गुळगुळीत. तळाशी चार-पाच काळपट दाणे, घाटाने मसुरीसारखे चपटे, पण मोहरीएवढेच.

"किड्याची अंडी दिसतात, औषध मारतो," काका म्हणाले. पंप बिघडलेला होता म्हणून बोळकी वाचली.

ही सायथस नावाची बुरशी, अळंब्यांच्याच गोतावळ्यातली. अंडी घातलेल्या घरट्यासारखी दिसते, म्हणून तिला 'पक्ष्याचं घरटं' म्हणतात. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1601 मध्येच तिची नोंद केली होती. पण दाणे म्हणजे बिया की आणखी काही, हा घोळ पुढे बराच काळ चालला. खरं तर प्रत्येक दाणा म्हणजे बीजाणूंनी गच्च भरलेली डबी. बोळकं कोवळं असताना तोंडावर पापुद्रा असतो. तो फाटला की दाणे उघडे पडतात.

गंमत पुढेच आहे. छत्रीवाली अळंबी बीजाणू वाऱ्यावर सोडते. जमिनीलगतच्या या बोळक्याला कुठला वारा? त्याने पावसालाच कामाला लावलंय. बोळक्याच्या भिंती जमिनीशी साधारण 60 ते 70 अंशांचा कोन करून तिरक्या असतात. टपोरा थेंब आत आदळला की पाणी भिंतीवरून वर उसळतं आणि दाण्याला घेऊन बाहेर पडतं. थेंबाच्या ऊर्जेतला जेमतेम दोन टक्के भाग दाण्याच्या वाट्याला येतो, तरी तो मीटरभर जाऊ शकतो. भुरभुर पावसाचं हे काम नव्हे.

दाण्याच्या बुडाशी चंचीसारखी पिशवी असते, तिच्यात घडी घातलेला दोर. उडताना चंची फाटते, दोर सुटतो. त्याचं चिकट टोक वाटेतल्या काडीला धरतं आणि दाणा तिच्याभोवती गरगर गुंडाळला जातो. शेणावर उगवणाऱ्या जातीचा दाणा गवताबरोबर गुरांच्या पोटात जातो आणि शेणातून बाहेर पडतो. आमच्या आवारात गुरं कुठली! आमची बुरशी मेलेल्या लाकडावरच जगते, जास्वंदीला तिचा काही त्रास नाही.

काकांना हे सांगितलं तर विश्वास बसेना. मग दुसऱ्या दिवशी, रात्रभर कोसळून पाऊस उघडल्यावर, दोघं उकिडवे बसलो. तीन बोळकी रिकामी होती. काकांनी जास्वंदीचं खालचं पान उलटं केलं: देठाजवळ एक काळा ठिपका, नखाने खरवडला तरी सुटेना.