आवृत्ती नियंत्रण

आवृत्ती नियंत्रण : प्रोग्रामच्या मजकुरात कोणी, कधी, काय आणि कशासाठी बदलले याची नोंद ठेवणारी आणि मागच्या कोणत्याही टप्प्यावर परत जाऊ देणारी व्यवस्था. एकट्या माणसाला ती सोयीची असते. दोघांनी एकाच फायलीत हात घातला की तिच्यावाचून भागत नाही.

बडोद्यात सयाजीगंज, अलकापुरी किंवा गोत्री रस्त्यावरच्या सॉफ्टवेअर कचेऱ्यांत हा मराठी शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे ‘कमिट कर’ (बदल नोंदव), ‘पुश मारलास का’ (नोंदी सर्व्हरवर पाठवल्यास का), ‘कॉन्फ्लिक्ट आलाय’ (दोघांचे बदल जुळत नाहीत) असे बोलतात. मराठी माणूस गुजराती सहकाऱ्याशीही हेच शब्द वापरतो, क्रियापद तेवढे बदलते. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १९३१ साली राज्यकारभारातल्या शब्दांना आठ भाषांतले प्रतिशब्द देणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ निघाला होता. त्या कोशकारांनी ‘मर्ज’ला, म्हणजे दोन प्रतींतले बदल एकत्र करण्याला, काय म्हटले असते, याचे कुतूहल वाटते. एक शब्द मात्र आपल्याकडे आधीपासून तयार आहे : पाठभेद. दोन प्रतींतला फरक ओळीओळीने दाखवणाऱ्या ‘डिफ’ला याहून नेमका मराठी शब्द सापडणार नाही.

पाठभेदांशी बडोद्याचा संबंध जुना आहे. सयाजीरावांनी १९२७ मध्ये स्थापन केलेल्या आणि पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात आलेल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिचे सात खंड १९६० ते १९७५ या काळात निघाले. देशभरातली हस्तलिखिते जमवायची, उत्तरेची परंपरा आणि दक्षिणेची परंपरा वेगळी काढायची, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली असेल याचा अंदाज बांधायचा आणि मग मूळ पाठाकडे जायचे, असे ते काम होते. ते इतके अवघड का झाले? कारण लेखनिकाने ‘मी ही प्रत अमुक प्रतीवरून उतरवली आणि त्यात इतका बदल केला’ असे सहसा लिहून ठेवले नव्हते. आवृत्ती नियंत्रणाचे सारे मर्म या न लिहिलेल्या ओळीत आहे. इथे प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या एकेका नोंदीत, त्याच्या आधीच्या, म्हणजे पालक कमिटची खूण असते. वंशावळ तर्काने शोधावी लागत नाही, ती जन्मतःच लिहिलेली असते.

तिचा उपयोग दोन माणसांचे काम एकत्र करताना, म्हणजे मर्ज करताना, दिसतो. गरब्याच्या पासांची विक्री करणारा एक प्रोग्राम धरू. त्यात ‘दर = ५००’ अशी ओळ आहे. एकीने आपल्या प्रतीत ती ६०० केली. दुसरीने त्या ओळीला हात लावला नाही, तिने पावतीचा मजकूर बदलला. आता केवळ या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीत ६०० आणि एकीत ५०० एवढेच कळते. पाचशेचे सहाशे झाले की सहाशेचे पाचशे, हे त्यावरून ठरत नाही. दोन्ही प्रती जिथून फुटल्या तो समान पूर्वज तिसरा म्हणून समोर घेतला, की त्यात ५०० आहे, म्हणजे बदल पहिलीने केला, तोच ठेवायचा, हे यंत्रालाही ठरवता येते. याला त्रिमार्गी मर्ज म्हणता येईल. दुसरीनेही तीच ओळ बदलून ५५० केली असती, तर मात्र यंत्र हात वर करते. फायलीत सात टोकदार कंसांची ओळ, तिच्याखाली एकीचा पाठ, मध्ये बरोबरीच्या सात खुणा, मग दुसरीचा पाठ आणि शेवटी उलटे सात कंस, असे चित्र उमटते. हाच ‘कॉन्फ्लिक्ट’. नवशिके त्याला घाबरतात. वास्तविक तो दोष नव्हे. ‘दर किती हे तुम्ही दोघी एकमेकींशी बोलून ठरवा’ एवढाच त्याचा अर्थ. खरी भीती उलट प्रकाराची असते : ओळी वेगळ्या असल्यामुळे मर्ज बिनबोभाट होते, पण अर्थ जुळत नाही. ते पकडायला चाचण्या लागतात.

या कामाचे पहिले ठळक साधन ‘एससीसीएस’. मार्क रॉचकाइंड यांनी ते १९७२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रचले. १९८२ च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी ‘आरसीएस’ केले. त्यात ताजी प्रत पूर्ण ठेवत आणि जुन्या प्रती तिच्यापासून उलट दिशेने मोजलेल्या फरकांच्या रूपात. रोज लागणारी प्रत त्यामुळे झटकन मिळे. दोन्हींत फाइल कुलूपबंद करायची रीत होती : एकाने घेतली की बाकीच्यांनी थांबायचे.

कुलपाची ही रीत प्रस्तुत लेखकाने वेगळ्या रूपात पाहिली आहे. बडोद्यातल्या एका लहानशा कचेरीत कोडची ‘खरी’ प्रत एका पेनड्राइव्हवर असे आणि तो दाराजवळच्या खिळ्याला किल्लीसारखा टांगलेला असे. खिळा रिकामा दिसला की कोणीतरी बदल करत आहे, असे समजायचे. पद्धत वाईट नव्हती. एका उत्तरायणाला मात्र तो पेनड्राइव्ह एका सहकाऱ्याच्या खिशातून मांजलपूरच्या गच्चीवर गेला. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवसाच्या, दुपारी ग्राहकाचा फोन आला, बिलात चूक होती आणि आम्ही रिकाम्या खिळ्याकडे बघत उभे. कुलूप लावणारा पतंग उडवायला गेला तर काय, हा प्रश्न आरसीएसलाही होता. त्यात दुसऱ्याचे कुलूप तोडण्याची आज्ञाच दिलेली होती.

डिक ग्रून यांच्या १९८६ च्या कामातून आलेल्या ‘सीव्हीएस’ने कुलूप काढून टाकले : सर्वांनी एकाच वेळी काम करावे, जुळवाजुळव नंतर. त्यात एक खोट होती. दहा फायली एकदम पाठवताना मध्येच जोडणी तुटली, तर पाच पोचत आणि पाच राहत. ‘सबव्हर्जन’ने (पहिली पक्की आवृत्ती २००४) सगळे बदल एक तर पूर्ण घ्यायचे नाही तर अजिबात नाही, असा नियम केला. तरी भांडार, म्हणजे फायली आणि त्यांचा सारा इतिहास, एकाच सर्व्हरवर राहिले. सर्व्हर बंद पडला की इतिहासही बंद.

२००५ मध्ये चित्र पालटले. लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीचे विकसक २००२ पासून ‘बिटकीपर’ हे खाजगी साधन फुकट वापरत होते. ती सवलत गेली. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ लिहायला घेतले आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्ये ठेवला जाऊ लागला. त्याच महिन्यात मॅट मॅकॉल यांनी ‘मर्क्युरियल’ काढले. त्याच वर्षी जुलैपासून गिटची देखभाल जुनिओ हमानो पाहतात. गिटमध्ये प्रत्येकाच्या संगणकावर साऱ्या इतिहासाची पूर्ण प्रत असते. वीज गेली, नेट गेले, तरी लॅपटॉपवर कमिट होते.

गिट फरक साठवते, असा समज सर्रास आढळतो. त्याच्या विचारात प्रत्येक कमिट म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्या फायलींचे छायाचित्र असते. न बदललेली फाइल पुन्हा साठवली जात नाही, जुन्याच प्रतीकडे बोट दाखवले जाते. फाइल, फोल्डर आणि कमिट यांना त्यांच्या मजकुरावरून काढलेली ४० अंकाक्षरांची ओळख मिळते. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ही ओळख पूर्ण बदलते. पालकाची ओळख मुलाच्या मजकुरात असल्यामुळे, जुन्या कमिटमध्ये गुपचूप फेरफार केला तर त्यापुढच्या सगळ्यांच्या ओळखी बदलतात आणि लबाडी उघडी पडते.

शाखा, म्हणजे ‘ब्रँच’, ही गिटमध्ये एका कमिटकडे बोट दाखवणारी छोटी चिठ्ठी असते, म्हणून ती क्षणात तयार होते. नव्या कामासाठी शाखा काढायची, काम झाले की ‘पुल रिक्वेस्ट’, म्हणजे हे बदल सामावून घ्या अशी विनंती, टाकायची, सहकाऱ्याने वाचून शेरे मारायचे आणि मग मुख्य शाखेत मर्ज करायचे, हा आजचा सर्वसाधारण रिवाज आहे. गिटची भांडारे ठेवणाऱ्या, २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘गिटहब’ या संकेतस्थळाने तो घराघरांत नेला. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहब साडेसात अब्ज डॉलरला घेतले. ‘गिटलॅब’ या तशाच दुसऱ्या सेवेत याच विनंतीला ‘मर्ज रिक्वेस्ट’ म्हणतात.

या साऱ्या यंत्रणेचे चीज कमिटच्या संदेशावर ठरते आणि तिथेच सर्वाधिक आळस होतो. ‘फिक्स’, ‘अपडेट’, ‘फायनल चेंज’ असले संदेश हस्तलिखितावरच्या मुक्या लेखनिकाइतकेच निरुपयोगी. ‘मुलांचा पास १२ वर्षांपर्यंत, आधी १० होते, आयोजकांनी फोनवर कळवले’ हा संदेश दोन वर्षांनी एखाद्याची दुपार वाचवतो. लहान लहान कमिटचा आणखी एक फायदा असतो. चूक नेमकी कधी शिरली हे शोधणारी ‘बायसेक्ट’ ही आज्ञा दर वेळी इतिहास निम्म्यावर आणते. हजार कमिटमधून दोषी कमिट दहाएक तपासण्यांत हाती लागते. ते दहा ओळींचे असेल तर काम संपले. चार हजार ओळींचे असेल तर खरी शोधाशोध तिथून सुरू होते.

चुकून कमिट झालेला पासवर्ड पुढच्या कमिटमध्ये पुसला तरी इतिहासात तसाच राहतो. तो ताबडतोब बदलणे हाच पहिला इलाज. इतिहास धुऊन काढणे त्यानंतरचे.

मराठी मजकुराच्या बाबतीत काही खास अडचणी आहेत. डिफ ओळीनिहाय चालतो, म्हणून एका ओळीत लिहिलेल्या लांबलचक परिच्छेदात एक अनुस्वार सुधारला तरी अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो. शब्दनिहाय डिफचा पर्याय दिला की डोळे वाचतात. फायलीला ‘दर’ असे नाव दिले, तर गिट मुळातल्या ठेवणीत ते \३४०\२४४\२४६\३४०\२४४\२६० असे आकड्यांत दाखवते. ‘कोटपाथ’ ही सेटिंग बंद केली की ‘दर’ पुन्हा ‘दर’ दिसतो. सर्वांत चकवणारे अक्षर म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’मधला ऱ. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला अंक देणाऱ्या संकेतप्रणालीत, तो एका सांकेतिक अंकानेही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन अंकांनीही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. दोन सहकाऱ्यांच्या कळफलकांनी तो दोन तऱ्हांनी उमटवला, तर डिफ लाल-हिरव्या रंगांत दोन ओळी दाखवतो आणि त्या कितीही वेळा वाचल्या तरी फरक दिसत नाही. अशा वेळी सारा मजकूर एकाच रूपात आणणारी छोटी स्क्रिप्ट कमिटच्या आधी चालवतात.