महिला भारोत्तोलन, आंतरराष्ट्रीय

ऑलिंपिक पद्धतीच्या भारोत्तोलनात, म्हणजे रूढ शब्दात वेटलिफ्टिंगमध्ये, स्त्रियांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून केलेली कामगिरी व तिच्या नोंदींचा इतिहास यांचा विचार येथे केला आहे. स्नॅच (बार जमिनीवरून एकाच हालचालीत डोक्यावर नेणे) आणि क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यावर घेऊन मग डोक्यावर नेणे; पुढे थोडक्यात जर्क) या दोन प्रकारांत प्रत्येकी तीन प्रयत्न मिळतात व दोन्हींतील सर्वोत्तम वजनांच्या बेरजेवर क्रम ठरतो. पॉवरलिफ्टिंग हा निराळा क्रीडाप्रकार असून त्यातील आकडे येथे विचारात घेतलेले नाहीत. महिलांच्या कामगिरीचे आकडे वर्षानुवर्षांच्या सरळ चढत्या ओळीत मांडण्याची सवय वृत्तपत्री लेखनात दिसते, परंतु वजनगट, बार, बरोबरी सोडवण्याचा नियम आणि पदकतक्ते हे सर्व वेळोवेळी बदलत गेल्यामुळे कोणताही आकडा त्याच्या वर्षासह व वजनगटासहच वाचावा लागतो.

उगम : या क्रीडाप्रकाराचा आरंभ कोठून धरावा याबद्दल मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात तो सर्कशीतील बलवान स्त्रियांपर्यंत, विशेषतः व्हिएन्नात जन्मलेल्या कॅटी सँडविना (मूळ नाव काथारिना ब्रुमबाख) यांच्यापर्यंत, मागे नेला जातो. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ३०० पौंडांचे वजन डोक्यावर उचलून प्रख्यात बलोपासक यूजीन सँडो यांना हरवले, सँडो यांना ते वजन छातीपर्यंतच नेता आले, आणि त्या विजयावरूनच ‘सँडविना’ हे नाव त्यांनी धारण केले, अशी कथा आहे. या कथेला समकालीन आधार क्षीण असून ती सर्कशीच्या जाहिरातबाजीतून वाढली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्यांच्या नावावर नोंदली गेलेली दुसरी कामगिरी, म्हणजे १९११ च्या सुमाराचे २८६ पौंड, बऱ्याच अभ्यासकांनी ग्राह्य धरली आहे; मात्र ती ‘कॉन्टिनेन्टल’ पद्धतीची होती हे ध्यानात घेतले पाहिजे. त्या पद्धतीत बार जमिनीपासून खांद्यापर्यंत टप्प्याटप्प्याने नेता येई आणि मध्ये तो पोटावर किंवा पट्ट्यावर टेकवण्याचीही मुभा असे. आजच्या क्लीनमध्ये बार एकाच सलग हालचालीत, वाटेत शरीरावर कोठेही न टेकता, खांद्यावर यावा लागतो. म्हणून १९८५ मध्ये अमेरिकेच्या कॅरिन मार्शल यांनी ३०० पौंडांहून अधिक, म्हणजे १३६ किलोंच्या वर, क्लीन अँड जर्क केला तेव्हा सँडविना यांचा विक्रम मोडला असे म्हणण्यापेक्षा एका नव्या मोजपट्टीवरची पहिली मोठी खूण उमटली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

दुसरा प्रवाह अमेरिकेतील हौशी व्यायामपटूंचा आहे. १९४७ मध्ये लॉस एंजेलिस येथे भरलेली स्पर्धा ही हौशी खेळांच्या अमेरिकन संघटनेच्या मान्यतेने झालेली महिलांची पहिली स्पर्धा मानली जाते. तीत ॲबी स्टॉक्टन यांनी प्रेस (पायांचा जोर न लावता बार खांद्यावरून डोक्यावर ढकलणे) १०० पौंड, स्नॅच १०५ पौंड आणि क्लीन अँड जर्क १३५ पौंड अशी वजने उचलली. प्रेस हा प्रकार १९७२ नंतर स्पर्धांतून वगळला गेल्यामुळे ही त्रिविध बेरीज आजच्या द्विविध बेरजेशी ताडून पाहता येत नाही. यानंतर दीर्घकाळ या खेळाच्या नोंदी विरळ आहेत. १९८१ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे अमेरिकेची पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९८६ मध्ये बुडापेस्ट येथील पॅनोनिया चषक स्पर्धेत महिलांना स्थान मिळाले आणि काही लेखक हीच पहिली आंतरराष्ट्रीय महिला स्पर्धा मानतात. कालक्रम पाहता ते बरोबरही आहे. परंतु सर्व देशांना खुली आणि पुढे अखंड चालू राहिलेली परंपरा १९८७ च्या डेटोना बीच (फ्लॉरिडा) येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेपासून सुरू होते. प्रस्तुत नोंदीत आरंभ म्हणून तेच वर्ष स्वीकारले आहे. तेथे ४४ किलोंपासून ८२.५ किलोंवरील खुल्या गटापर्यंत नऊ वजनगट होते. चीनच्या खेळाडूंनी बहुतेक गट जिंकले, तर ८२.५ किलो गट मार्शल यांनी जिंकला. आशियाई क्रीडास्पर्धांत महिलांचे भारोत्तोलन १९९० मध्ये बीजिंग येथे, ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनी येथे आणि राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत २००२ मध्ये मँचेस्टर येथे प्रथम आले. पुरुषांचे भारोत्तोलन १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्येही होते, हे लक्षात घेतले म्हणजे स्त्रियांना किती काळ दाराबाहेर थांबावे लागले याची कल्पना येते.

बार व वजनगट : आरंभीच्या स्पर्धांत स्त्रिया पुरुषांचाच २० किलोंचा बार वापरीत. साधारणतः १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्यासाठी १५ किलोंचा स्वतंत्र बार रूढ झाला. त्याची लांबी २०१ सेंमी. व पकडीच्या जागी जाडी २५ मिमी. असते, पुरुषांच्या बारसाठी हीच मापे २२० सेंमी. व २८ मिमी. आहेत. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. दोन्ही प्रकारांत ‘हुक’ पकड वापरतात : अंगठा आधी बारला वेढून घ्यायचा आणि त्यावर पहिली दोन बोटे आवळायची. वजन वर खेचताना बार बोटांतून निसटू पाहतो व त्याचा सारा ताण दबलेल्या अंगठ्यावर येतो. ज्या हाताची बोटे आखूड, त्याला तीन मिलिमीटरची जाडी कमी होताच अंगठा पुरा झाकता येतो. पातळ बार अधिक लवचिकही असतो, त्यामुळे जर्कच्या वेळी गुडघे किंचित वाकवून वर झेप घेताना बारच्या टोकांना येणारी उसळी अधिक जाणवते. विक्रमांच्या वाढीत या बदलाचा वाटा किती आणि प्रशिक्षणाचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे, कारण जवळजवळ त्याच वेळी वजनगटही बदलले.

१९९८ मध्ये महिलांसाठी ४८, ५३, ५८, ६३, ६९, ७५ व ७५ किलोंवरील असे सात गट ठरले आणि आधीची विक्रमयादी बंद झाली. २०१८ च्या अखेरीस ४५ ते ८७ किलोंवरील असे दहा गट आले आणि यादी पुन्हा नव्याने सुरू झाली. या वेळी प्रत्येक गटासाठी एक आरंभीचे प्रमाण ठरवून देण्यात आले व ते ओलांडणाऱ्या पहिल्या खेळाडूचाच विक्रम धरला गेला. जून २०२५ पासून ४८, ५३, ५८, ६३, ६९, ७७, ८६ व ८६ किलोंवरील असे आठ गट लागू झाले. याशिवाय २००५ पर्यंत बारवरील वजन सर्वसाधारणपणे अडीच किलोंच्या पटीत वाढवले जाई, त्यानंतर ते एकेक किलोने वाढू लागले. जुन्या निकालांत अर्ध्या किलोचे आकडे दिसतात ते यामुळे. निरनिराळ्या गटांतील खेळाडूंची तुलना करण्यासाठी कॅनडाचे गणितज्ञ रॉय सिंक्लेअर यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणांक वापरतात, मात्र तोही दर ऑलिंपिक आवर्तनात नव्याने मांडला जातो.

ऑलिंपिकमधील कामगिरी : सिडनीत सात गटांत स्पर्धा झाली. एका देशाला चारच महिला उतरवता येत असत. चीनच्या चौघींनी चारही सुवर्णपदके मिळवली. यांग शिया (५३ किलो), चेन शियाओमिन (६३), लिन वेइनिंग (६९) व डिंग मेइयुआन (७५ वरील) या त्या चौघी होत. ५८ किलो गटात सोराया हिमेनेस या ऑलिंपिक सुवर्ण मिळवणाऱ्या पहिल्या मेक्सिकन महिला ठरल्या. ४८ किलो गटात बल्गेरियाच्या इझाबेला ड्रागनेवा यांनी १९० किलोंसह पहिला क्रमांक मिळवला होता, परंतु उत्तेजक चाचणीनंतर त्यांचे पदक काढून घेण्यात आले व ते अमेरिकेच्या टारा नॉट (१८५ किलो) यांना मिळाले. ७५ किलो गटाचा निकाल या खेळाच्या इतिहासात मुद्दाम सांगण्याजोगा आहे. कोलंबियाच्या मारिया इसाबेल उरुतिया, नायजेरियाच्या रूथ ओग्बेइफो आणि चिनी तैपेईच्या (तैवान) कुओ यी-हांग या तिघींची बेरीज २४५ किलो अशी अगदी समान झाली. तेव्हाच्या नियमानुसार जिचे शारीरिक वजन कमी ती वरचढ ठरे. त्या आधारावर उरुतिया यांना सुवर्ण मिळाले आणि ते कोलंबियाचे सर्व खेळांतील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक होते. २०१७ पासून हा नियम बदलला असून ती बेरीज जिने आधी गाठली तिला आता वरचा क्रमांक मिळतो.

६९ किलो गटातही लिन व हंगेरीच्या एर्झेबेट मार्कुश यांची बेरीज २४२.५ अशी समान होती. भारताच्या कर्णम मल्लेश्वरी स्नॅचमध्ये ११० आणि जर्कमध्ये १३० किलो उचलून २४० वर होत्या. शेवटच्या प्रयत्नासाठी त्यांनी एकदम १३७.५ किलो मागितले. ते साधले असते तर बेरीज २४७.५ होऊन सुवर्ण त्यांचे झाले असते. ते साधले नाही, आणि कांस्यपदक मिळाले. ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. अडीच किलोंच्या चुकलेल्या संधीची चर्चा भारतात पुष्कळ झाली, परंतु ५४ किलो गटात १९९४ व १९९५ ची जागतिक अजिंक्यपदे मिळवलेल्या खेळाडूने पाच वर्षांनी ६९ किलो गटात हे अंतर गाठले, ही बाब त्या चर्चेत मागे पडते.

सर्वांत वरच्या खुल्या गटातील विजयी बेरजा पाहिल्यास आरंभी उल्लेखिलेली अडचण स्पष्ट होते. सिडनीत डिंग ३००, अथेन्सला (२००४) तांग गोंगहोंग ३०५, बीजिंगला (२००८) दक्षिण कोरियाच्या जांग मी-रान ३२६, लंडनला (२०१२) झोउ लुलु ३३३ अशी वाढ होत गेली. पुढे रिओत (२०१६) मेंग सुपिंग ३०७, टोकिओत ली वेनवेन ३२० व पॅरिसला (२०२४) पुन्हा ली ३०९ असा क्रम आहे. मध्यंतरी २०१४ च्या अल्माटी येथील जागतिक स्पर्धेत रशियाच्या तात्याना काशिरिना यांनी १५५ व १९३ मिळून ३४८ किलोंपर्यंत मजल मारली. उतरलेल्या आकड्यांवरून शक्ती घटली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ऑलिंपिकमध्ये गटाची खालची मर्यादा ७५ वरून ८७ व नंतर ८१ किलोंवर गेली, आणि सुवर्ण निश्चित झाल्यावर उरलेला प्रयत्न सोडून देण्याची प्रथाही या खेळात सर्रास आढळते. चाचण्या अधिक कडक झाल्याचा परिणामही नाकारता येत नाही.

उत्तेजके व पदकतक्त्यांची फेररचना : जुने नमुने जपून ठेवून वर्षांनंतर पुन्हा तपासण्याच्या पद्धतीचा फटका या खेळाला सर्वांत जास्त बसला. लंडन येथे कझाकस्तानच्या तीन महिलांनी जिंकलेली सुवर्णपदके २०१६ मध्ये, तर बीजिंग येथे चीनच्या तीन महिलांनी जिंकलेली सुवर्णपदके जानेवारी २०१७ मध्ये रद्द झाली. कॅनडाच्या क्रिस्टीन गिरार यांना बीजिंगचे कांस्य आणि लंडनचे सुवर्ण अशी दोन्ही पदके अनेक वर्षांनी मिळाली. विजयमंचावर उभे राहण्याचा त्यांचा क्षण मात्र तेव्हाच निघून गेला होता. स्पेनच्या लिदिया व्हालेंतीन यांचे लंडनचे सुवर्णही असेच उशिरा आले. २००८ व २०१२ चे निकाल जुन्या संदर्भग्रंथांतून घेताना ही दुरुस्ती करून घेणे आवश्यक आहे.

भारत : मणिपूरच्या कुंजराणी देवी यांनी १९८९ पासून जागतिक स्पर्धांत अनेक रौप्यपदके मिळवून या खेळाचा पाया घातला. त्याच राज्यातील साइखोम मीराबाई चानू यांना रिओत क्लीन अँड जर्कचा एकही प्रयत्न साधला नव्हता. टोकिओत (२४ जुलै २०२१) ४९ किलो गटात त्यांनी स्नॅचमध्ये ८४ व ८७, जर्कमध्ये ११० व ११५ किलो उचलले. ८९ आणि ११७ हे दोन्ही शेवटचे प्रयत्न हुकले. २०२ किलोंच्या बेरजेने त्यांना रौप्य मिळाले, तर चीनच्या होउ झिहुई यांनी २१० किलोंसह सुवर्ण घेतले. पॅरिसला १९९ किलोंवर त्या चौथ्या आल्या. कांस्यपदकापासून त्या केवळ एक किलो दूर होत्या.

महाराष्ट्रातून वडगाव मावळ (जि. पुणे) येथील हर्षदा गरुड यांनी मे २०२२ मध्ये ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात ७० व ८३ मिळून १५३ किलो उचलून सुवर्ण मिळवले. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय खेळाडू आहेत. जर्कमध्ये तुर्कस्तानची प्रतिस्पर्धी त्यांच्या दोन किलो पुढे होती. स्नॅचमधील पाच किलोंची आघाडी निर्णायक ठरली.

मीराबाई चानू यांनी २०१७ मध्ये ॲनाहाइम येथे ४८ किलो गटात १९४ किलोंसह जागतिक अजिंक्यपद मिळवले, तेव्हा चीनसह नऊ देश उत्तेजकप्रकरणी निलंबित होते व उत्तर कोरियाही सहभागी नव्हता. २०२५ च्या गटबदलानंतर त्या ४८ किलो गटात परतल्या आणि नॉर्वेतील फोर्डे येथील जागतिक स्पर्धेत ८४ व ११५ मिळून १९९ किलो उचलले. या वेळी उत्तर कोरियाच्या री सोंग-गुम यांच्या २१३ किलोंमागे त्यांना रौप्यपदक मिळाले.