घरफोडीतले दागिने सापडले. ते कोर्टातून परत मिळवताना अर्ज कुठे अडतो

पोलिसांचा फोन येतो: चोर सापडला, दागिने मिळालेत, ओळखायला या. घरात पेढे येतात. मग कळतं की दागिने आता 'मुद्देमाल' (खटल्यासाठी जप्त केलेली वस्तू) झालेत आणि ठाणे अंमलदार कितीही भला असला तरी ते तुमच्या हातात ठेवू शकत नाही. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करावा लागतो. हे अर्ज कोर्टात अडतात खरे, पण त्या अडण्याचं मूळ बहुतेक वेळा चोरीच्या दिवशीच्या कागदांत असतं.

म्हणून आधी त्या दिवसाबद्दल. कपाट उघडं, कपडे विखुरलेले, पाहुणे येणार म्हणून घरातलं कुणीतरी आवरायला घेतं. आवरू नका. कडी, काच, स्टीलचे डबे, दागिन्यांची रिकामी पेटी, कशालाच हात लावू नका. घरफोडी करून केलेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेत सात वर्षांहून अधिक शिक्षा असू शकते. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ येऊन पुरावे गोळा करतील, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी कामकाजाच्या कायद्याचं) कलम 176(3) सांगतं. राज्य सरकार अधिसूचना काढेल त्या तारखेपासून, पाच वर्षांच्या आत, हे लागू करायचं, असं त्यात म्हटलंय. त्यामुळे ठसेतज्ज्ञ लगेच आले नाहीत तर खोली बंद करून थांबा. ते घरातल्यांचेही ठसे मागतील. 'आमच्यावरच संशय?' म्हणून भांडणारे पाहिलेत. तुमचे ठसे बाजूला काढल्याशिवाय परका ठसा कळणार कसा? रक्त लागलेला कपडा मात्र स्वतः प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवू नका. ओलसर राहून पुरावा कुजतो. तो सुकवून कागदात बांधायचा असतो, आणि ते काम पोलिसांचं आहे.

आता खरा अडथळा: वर्णन. फिर्यादीत 'सोन्याचे दागिने, अंदाजे पाच तोळे' एवढंच लिहिलेलं असतं. चोराकडून जप्त करताना पंचनाम्यात 'पिवळ्या धातूचे मंगळसूत्र' येतं. या दोन ओळींचा मेळ कोर्टाने कसा घालायचा? वाट्या किती, मणी कसे, कुठे डाग देऊन (झाळून) जोडलंय, कुठली कडी बदललीय, हे प्रत्येक दागिन्यामागे वजनासह लिहून घ्या, वजन ग्रॅममध्ये. त्या गोंधळात सगळं आठवत नाही, हे कबूल. नंतर आठवलं की लगेच पुरवणी जबाब द्या. चोर सापडल्यावर दिलेल्या पुरवणी जबाबाकडे सगळेच संशयाने पाहतात. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. घरी नेऊन चष्मा लावून वाचा. तक्रार ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते, तरच ती नोंदवली जाते. नुसतं पाठवलं म्हणजे झालं, असं समजून लोक आठवडे थांबतात.

मग तो कागद, जो कुणाकडेच नसतो: पावती. आजीच्या पाटल्यांची पावती कुठून आणायची? पावती नाही म्हणून अर्ज करायलाच नको, असं ठाण्यातलं कुणी तोंडी सांगतं आणि लोक ऐकतात. ऐकू नका. दागिना अंगावर स्पष्ट दिसणारा लग्नाचा फोटो, सोनाराकडची दुरुस्तीची चिठ्ठी, कधी सोनेतारण कर्ज घेतलं असेल तर बँकेचा मूल्यांकनाचा कागद, आणि सोबत प्रतिज्ञापत्र, हे सगळं जोडता येतं. फिर्याद नवऱ्याची, पावती सासऱ्यांच्या नावाची आणि अर्ज सुनेचा, असं असेल तर बाकी दोघांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी लावा. ओळखपत्र, फिर्याद आणि जप्ती पंचनाम्याच्या प्रती तर लागतातच.

अर्ज दिल्यावर कोर्ट तपासी अधिकारी आणि सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. इथे तारखा जातात. 'से'मध्ये कधी 'प्रयोगशाळेचा अहवाल प्रलंबित' असं एक वाक्य येतं. विचारा: मुंबईत कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत किंवा विभागीय प्रयोगशाळेत नेमकं काय पाठवलंय? बहुधा कटावणी किंवा रक्ताचा नमुना. दागिना मुद्देमाल खोलीतच असतो, मग त्याला अहवालाची वाट कशाला? सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलंय की अशा वस्तू पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त ठाण्यात ठेवू नयेत. पंचनामा, फोटो आणि बंधपत्र घेऊन द्याव्यात. अर्जात हा दाखला घाला.

मुदतींचा घोळ वेगळाच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मधले 14 आणि 30 दिवस कोर्टासाठी आहेत: यादी करणं, फोटो काढणं, विल्हेवाटीचा आदेश देणं. 'तीस दिवस उलटले, हक्क गेला' म्हणून रडत येणाऱ्या बायका असतात. नाही गेला. मालक माहीतच नसेल तर कलम 503 खाली जाहीरनामा निघतो, त्यात सहा महिने असतात, आणि तेही जाहीरनाम्यापासून मोजायचे, चोरीपासून नव्हे. ती मुदत मात्र चुकवू नका. त्यानंतर वस्तू सरकारकडे जाऊ शकते.

सोनाराने दागिने वितळवून लगड केली असेल तर अवघड आहे. एका लगडीवर चार फिर्यादी उभे राहतात, ओळख पटवायला काहीच उरत नाही, आणि फिर्यादीतल्या वजनावरच सगळं येतं. अशा वेळी वकील कराच.

आदेश झाला की बंधपत्र लिहून दागिने सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला, मिळतात. विकायचे नाहीत, रूप बदलायचं नाही, बोलावल्यावर हजर करायचे, अशा अटी असतात. लेकीच्या लग्नात घालायला हरकत नाही. पण बांगडी सैल होते म्हणून सोनाराकडे न्यायची असेल, तर आधी आदेश वाचा. गरज पडली तर कोर्टाची परवानगी घ्या.