प्लीहा, ब्लड कॅन्सर आणि ट्रान्सप्लांट: ही भानगड सुरू कुठून झाली

ब्लड कॅन्सरच्या पेशंटची सोनोग्राफी झाली की रिपोर्टमध्ये बऱ्याचदा एक ओळ असते, प्लीहा (म्हणजे पाणथरी, पोटात डाव्या बाजूला असते ती) वाढलेली आहे, एवढे एवढे सेंटीमीटर. मग नातेवाईकांपैकी कोणीतरी विचारतंच, की डॉक्टर, किडनी बदलतात, लिव्हर बदलतात, मग ही पाणथरी बदलता येत नाही का? कोणी हसू नये या प्रश्नाला. कारण आज आपण ज्याला बोन मॅरो (हाडांतला मगज, जिथे रक्त बनतं) ट्रान्सप्लांट म्हणतो त्याची पहिली चाहूल लागली ती मॅरोमुळे नाही तर प्लीहेमुळेच, आणि नंतर माणसात अख्खी प्लीहा बसवूनही पाहिली गेलीय. ते जमलं नाही, पण का जमलं नाही हे शोधता शोधता जे हाती लागलं त्यावर आजची बरीच ट्रीटमेंट उभी आहे.

अगदी मागे जायचं तर १८४५. एडिंबरामध्ये जॉन ह्यूज बेनेट नावाच्या डॉक्टरकडे २८ वर्षांच्या एका कामगाराची केस आली, घरांच्या छपरांवर दगडी पाट्या बसवणारा माणूस, पोटात डाव्या बाजूला मोठी गाठ. गाठ म्हणजे फुगलेली प्लीहाच. तो गेल्यावर बेनेटने शवविच्छेदन केलं, रक्त पाहिलं तर पू झाल्यासारखं, आणि त्याने लिहून ठेवलं की रक्तातच पू झालाय. त्याच वर्षी बर्लिनला रुडॉल्फ विरशोने तसंच 'पांढरं रक्त' पाहिलं, पण हा पू नाही, पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढल्यात असं त्याचं म्हणणं, आणि १८४७ मध्ये त्याने ल्युकेमिया हे नाव वापरलं. पहिलं कोण यावरून पुढे दोघांत जुंपली ते सोडा. मुद्दा हा की या रोगाची ओळख झाली तीच प्लीहेपासून, त्यामुळे बरीच वर्षं डॉक्टरांना वाटायचं की दुखणं तिथूनच सुरू होतं. मग सर्जन लोकांनी ती कापून काढायचा प्रयत्न केला, १९व्या शतकात ल्युकेमियाच्या पेशंटवर अशी ऑपरेशनं झाली आणि पेशंट बहुतेक रक्तस्रावानेच दगावले.

खरी गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धानंतर, अणुबॉम्बच्या सावलीत. रेडिएशनने माणूस मरतो तो कशाने, तर त्यातलं एक मोठं कारण म्हणजे रक्त बनवणारी यंत्रणाच बंद पडते, प्लेटलेट्स जातात, पांढऱ्या पेशी जातात, मग इन्फेक्शन किंवा ब्लीडिंग. शिकागो विद्यापीठात लिऑन जेकबसन होता, मॅनहॅटन प्रोजेक्टमध्ये आरोग्याच्या बाजूला काम केलेला माणूस. त्याने १९४९ मध्ये उंदरांवर जो प्रयोग छापला तो बघण्यासारखा आहे. उंदराला भूल द्यायची, डाव्या कुशीला छोटा छेद घ्यायचा, प्लीहा बाहेर ओढायची पण तिच्या रक्तवाहिन्या तोडायच्या नाहीत, ती शिशाच्या छोट्या डबीत ठेवायची आणि बाकीच्या उंदरावर एक्स-रेचा असा डोस मारायचा की साधा उंदीर जगूच नये. मग प्लीहा परत आत आणि टाके. हे उंदीर जगले! सगळे नाही, पण बहुतेक. आणि नुसते जगले नाहीत, त्यांची मॅरो जी रेडिएशनने जळून गेलेली ती पुन्हा भरली. पुढे त्याने डबी वगैरे सोडून सरळ दुसऱ्या उंदराची प्लीहा घेऊन रेडिएशन दिलेल्या उंदराच्या पोटात बसवली, तरी फायदा दिसला. म्हणजे ब्लड कॅन्सरच्या संदर्भात ज्याला टिश्यू ट्रान्सप्लांट म्हणावं त्याची सुरुवात ही अशी. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत एगॉन लॉरेन्झ आणि डेल्टा अपहॉफ यांच्या टीमने दाखवलं की प्लीहाच लागते असं नाही, मॅरो टोचली तरी उंदीर वाचतो.

आता इथे भांडण लागलं, आणि मला हा सगळ्यात रंगतदार भाग वाटतो. जेकबसनचं मत असं की प्लीहेतून काहीतरी रस, हार्मोनसारखं द्रव्य सुटतं आणि ते मेलेल्या मॅरोला उठवतं. दुसरी बाजू म्हणत होती की रस-बिस काही नाही, डोनरच्या जिवंत पेशीच जाऊन तिथे वस्ती करतात. हा वाद काही वर्षं चालला कारण दोन्हीकडून पुरावा अर्धवट होता, आणि त्यावर पुढचं सगळंच अवलंबून होतं, कारण रस असेल तर तो बाटलीत भरून औषध म्हणून विकता येईल, आणि पेशी असतील तर डोनर शोधत फिरावं लागेल. १९५६ च्या सुमारास निकाल लागला. इंग्लंडमध्ये हार्वेलला चार्ल्स फोर्ड वगैरे मंडळींनी डोनर म्हणून असे उंदीर घेतले ज्यांच्या पेशींत एक वेगळं दिसणारं क्रोमोसोम होतं, आणि रेडिएशन दिलेल्या उंदराच्या मॅरोत नंतर तेच क्रोमोसोम सापडलं. म्हणजे पेशी डोनरच्याच. अमेरिकेत पीटर नोवेलच्या टीमने उंदरात घुशीच्या जातीच्या प्राण्याची, म्हणजे रॅटची मॅरो घालून तेच दाखवलं. (हाच नोवेल पुढे १९६० मध्ये हंगरफोर्डबरोबर फिलाडेल्फिया क्रोमोसोम शोधतो, ज्यावरून शेवटी सीएमएल या ब्लड कॅन्सरची इमॅटिनिबची गोळी आली. एका आयुष्यात किती करावं माणसाने.)

१९५६ मध्येच हार्वेलच्याच बार्न्स आणि लाउटिट यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांना रेडिएशन देऊन दुसऱ्या वाणाच्या उंदरांची मॅरो दिली. ल्युकेमिया परत आला नाही असं दिसलं, पण उंदीर झिजून झिजून मेले. म्हणजे परक्या पेशी कॅन्सरलाही मारतात आणि शरीरालाही, हे दोन्ही तिथेच एकत्र दिसलं होतं. आज ट्रान्सप्लांट वॉर्डात जीव्हीएचडी हा शब्द ऐकला नाही असा नातेवाईक नसेल, तो हाच प्रकार, डोनरच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर हल्ला करणं.

स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून रक्ताच्या बाकी पेशी बनतात त्या मूळ पेशी, हा शब्द आज कोणीही कशालाही लावतो, केसांच्या तेलालासुद्धा, पण त्या आहेत याचा पक्का पुरावाही प्लीहेतच मिळाला. टोरंटोला जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलॉक, एक बायोफिजिक्सवाला आणि एक डॉक्टर. रेडिएशन दिलेल्या उंदरांना मोजून मॅरोच्या पेशी टोचायच्या आणि दहा-बारा दिवसांनी उघडून बघायचं असं चाललं होतं. मॅकुलॉक एका रविवारी लॅबमध्ये एकटा बसून उंदीर उघडत होता तर प्लीहेवर बारीक बारीक गाठी दिसल्या, मोजता येतील अशा, आणि त्याने मोजल्या. जितक्या जास्त पेशी टोचलेल्या तितक्या जास्त गाठी, साधारण १०,००० पेशींमागे एक गाठ. १९६१ ला पेपर आला, १९६३ मध्ये अँडी बेकरबरोबर दाखवलं की एक गाठ म्हणजे एकाच पेशीचा वंश.

मग माणसात प्लीहा का नाही चालली? उत्तर सोपंय पण त्या वेळी स्पष्ट नव्हतं. उंदराची प्लीहा आयुष्यभर रक्त बनवत राहते. माणसाची फक्त गर्भात असताना थोडंफार बनवते आणि जन्मानंतर ते काम जवळजवळ सोडून देते, त्यामुळे तिच्यात रक्ताचं बियाणं कमी आणि लिम्फोसाइट, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, खचाखच, म्हणजे जे हवंय ते नाही आणि जे दुसऱ्याच्या अंगावर धावून जाईल ते भरपूर. १९६० च्या दशकात डेन्व्हरला थॉमस स्टार्झल, लिव्हर ट्रान्सप्लांटवाले, यांच्या टीमने माणसात पूर्ण प्लीहा बसवून पाहिली, पण फायदा टिकला नाही आणि तो रस्ता बंद झाला.

मॅरोचा रस्ता तरी काय सुखाचा होता. अमेरिकेतले डॉक्टर डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये ६ पेशंटचा रिपोर्ट दिला, त्यातल्या फक्त दोघांत मॅरो थोडी रुजली आणि १०० दिवसांत सगळे गेले. १९५८ मध्ये युगोस्लाव्हियात विंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला, त्यातल्या लोकांना पॅरिसला नेऊन जॉर्ज माते यांनी पाच जणांना डोनरची मॅरो दिली, त्यातले चार वाचले, पण मॅरोमुळे वाचले की तसेही वाचले असते यावर नंतर बरीच चर्चा झाली. १९७० मध्ये कोणीतरी तोपर्यंतच्या सगळ्या केसेस एकत्र करून पाहिल्या, सुमारे २०० भरल्या, आणि चित्र इतकं वाईट होतं की बऱ्याच जणांनी नाद सोडला. थॉमस यांनी नाही सोडला. एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, जुळवणं कळायला लागलं, सख्ख्या भावंडांचे डोनर घ्यायला सुरुवात झाली, आणि १९७७ मध्ये थॉमस यांच्या सिएटलच्या टीमने १०० पेशंटचा हिशेब मांडला, सगळे असे की बाकी उपाय संपलेले. त्यातले १३ रोगमुक्त जिवंत होते. शंभरात तेरा ऐकायला कमी वाटतं, पण ते नाहीतर शून्य होते. १९९० ला थॉमस यांना नोबेल मिळालं.

आपल्याकडे हे आलं ते थेट सिएटलहूनच. डॉ. सुरेश अडवाणी, लहानपणी पोलिओ झाल्यामुळे व्हीलचेअरवर असलेले, थॉमस यांच्याकडे शिकून परत आले आणि मार्च १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियलमध्ये भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, ९ वर्षांची मुलगी, ल्युकेमिया, डोनर तिचा भाऊ.

आता प्लीहेची दुसरी कथा, जी मला ट्रान्सप्लांटइतकीच महत्त्वाची वाटते. १९७६, लॉस एंजेलिस. जॉन मूर नावाचा माणूस, अलास्काच्या पाइपलाइनवर सर्व्हेअर, त्याला हेअरी सेल ल्युकेमिया, ब्लड कॅन्सरचाच एक प्रकार. हा रोग बर्था बोरॉन्कल यांनी १९५८ मध्ये नीट वेगळा करून मांडलेला, आणि त्या काळात त्यावर मुख्य उपाय म्हणजे प्लीहा काढणं. यूसीएलए या तिथल्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलात त्याची प्रचंड वाढलेली प्लीहा काढली आणि त्याला खरंच बरं वाटलं. त्यानंतर १९८३ पर्यंत तिथले डॉक्टर डेव्हिड गोल्ड त्याला सिएटलहून, म्हणजे त्याच्या घरून, लॉस एंजेलिसला बोलवत राहिले, नमुने द्यायला, रक्त, मॅरो, त्वचा, वीर्यसुद्धा. सिएटललाच देता येणार नाही का असं विचारलं तर नाही, लॉस एंजेलिसलाच द्यावं लागेल. १९८३ मध्ये त्याच्यापुढे एक फॉर्म आला की माझ्या पेशींतून जे काही निघेल त्यावरचे हक्क मी विद्यापीठाला देतो, किंवा देत नाही, यातलं एक निवडा. त्याने एकदा 'देत नाही' वर गोल केला तर चक्क फोन आला की चुकून केलंत का. मग तो वकिलाकडे गेला. तोवर त्याच्या प्लीहेतल्या पेशींपासून 'मो' नावाची सेल लाइन (लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या पेशींचा वंश) तयार होऊन १९८१ मध्ये पेटंटचा अर्ज गेला होता, १९८४ ला पेटंट मिळालंही, आणि गोल्ड यांचा एका कंपनीशी करार, ७५,००० शेअर, वर तीन वर्षांत किमान ३,३०,००० डॉलर.

जुलै १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. काढून टाकलेल्या पेशींवर मालकी सांगता येणार नाही, पण डॉक्टरने आपला संशोधनाचा आणि पैशाचा स्वार्थ आधी सांगायला हवा होता, त्या मुद्द्यावर दावा चालेल. लोक म्हणतात की नाहीतर संशोधनच थांबलं असतं, असेलही, पण सगळ्यांनी कमवायचं आणि ज्याची प्लीहा त्यानेच फक्त कमवायचं नाही हे मला काही पटत नाही. आपल्याकडे आता आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये नमुने साठवणं आणि त्यांच्या व्यापारी वापरावर वेगळं लिहिलंय. संमतीपत्रावर सही करताना ते पान वाचा, कंटाळा आला तरी.

आणि विज्ञानाच्या बाजूने बघायचं तर त्या सेल लाइनमधून फार मोठं काम झालं हेही खरं. १९८२ मध्ये त्यातच एचटीएलव्ही-२ हा व्हायरस सापडला, १९८५ मध्ये त्यातूनच जीएम-सीएसएफ या मॅरोला पेशी बनवायला लावणाऱ्या द्रव्याचं जीन वेगळं केलं, आणि जीएम-सीएसएफचं इंजेक्शन १९९१ पासून मॅरो ट्रान्सप्लांटनंतर पेशी लवकर वाढाव्यात म्हणून अमेरिकेत मान्य झालं. जेकबसन ज्या रसाच्या मागे होता तो अगदी तोच नाही, पण मॅरोला ढोसणारी द्रव्यं असतात हे तर निघालंच. हेअरी सेलमध्ये मात्र १९९० मध्ये क्लॅड्रिबिनचा रिपोर्ट आला, सात दिवसांचा एकच कोर्स, १२ पैकी ११ पेशंटमध्ये रोग पूर्ण दिसेनासा झाला, आणि प्लीहा काढायची गरज फार क्वचित उरली.

सध्याच्या रिसर्चमध्ये प्लीहा आहे ती मोजपट्टी म्हणून. मायलोफायब्रोसिस या ब्लड कॅन्सरमध्ये मॅरोत तंतूंचं जाळं होतं, रक्त बनवायचं काम परत प्लीहेवर येतं आणि ती पोटभर फुगते, दोन घास खाल्ले की पोट गच्च. त्यावरच्या रुक्सोलिटिनिब या गोळीच्या ट्रायलमध्ये यश कशाला म्हणायचं तर २४ आठवड्यांनी प्लीहेचं आकारमान ३५ टक्क्यांनी तरी कमी झालं पाहिजे. ते गोळीवर ४१.९ टक्के लोकांत झालं आणि नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेल्या गोळीवर) ०.७ टक्के. २०११ मध्ये औषध मान्य झालं.

प्लीहेचे तुकडे परत शरीरात लावणं मात्र आजही होतं, पण ते अपघातात. स्कूटरचं हँडल पोटात घुसून प्लीहा फाटली आणि काढावीच लागली तर काही सर्जन तिचेच पातळ काप करून पोटातल्या चरबीच्या पडद्यात शिवून ठेवतात, ते तगतात, थोडंफार काम करतात, पुरेसं करतात का यावर मतभेद आहेत. ब्लड कॅन्सरमध्ये हे करत नाहीत, कारण त्या तुकड्यांत रोगाच्याच पेशी असायच्या. म्हणजे प्लीहा गेली ती गेलीच, आणि तिच्याशिवाय काही इन्फेक्शन्स जिवावर बेततात. म्हणून ज्याची प्लीहा काढायची ठरलीय त्याने ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लसी घेतल्यात का ते विचारावं, आणि नंतर कधीही थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघत बसू नये, सरळ कॅज्युअल्टी गाठावी.