पार्श्वभूमी : कायदा आदिवासी स्त्रीपर्यंत पोहोचतो तो कुठल्या वाटेने?

मराठवाड्यात आदिवासी म्हटलं की किनवट-माहूरचं जंगल आठवतं. गोंड, कोलाम, आंध, प्रधान यांची ही गावं. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. त्याच मुलखात गोंडांचा नेता कुमराम भीम १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला. इथल्या बाईच्या मनात जंगल खात्याच्या आणि पोलिसांच्या गणवेशाची धास्ती तेव्हापासूनची आहे.

१९८५ च्या आदेशाने मराठवाड्यातून अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींसाठी खास तरतुदी असलेल्या भागात, आला तो एवढाच नांदेडचा भाग. म्हणून १९९६ चा पेसा, म्हणजे अशा भागातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा कायदा, इथे लागू झाला. गावातली दारू बंद करायची की नाही, यावर ग्रामसभेला, म्हणजे बायांनाही, अधिकार मिळाला. घरात मार खाणाऱ्या बाईला या एका कलमाचं मोल विचारा. गरोदर आणि स्तनदा मातांसाठी एक वेळच्या चौरस जेवणाची अमृत आहार योजना २०१५ मध्ये आली, तीही याच क्षेत्रासाठी. हिंगोलीतल्या कळमनुरीची आंध बाई मात्र या क्षेत्राच्या सीमेबाहेर राहिली. तिची जमात तीच, गरजही तीच.

बीड, धाराशिवकडच्या पारधी बाईची गोष्ट आणखी कठीण. अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला, संशय काही गेला नाही. चोरी कुठेही होवो, झडती पालावर.

कोठडीतल्या स्त्रीच्या सुरक्षेचा कायदा बदलला तोही एका आदिवासी मुलीमुळे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर अत्याचार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १९८३ ची दुरुस्ती झाली. ते गाव विदर्भातलं, पण त्या दुरुस्तीचा आधार पालावरच्या बाईलाही आहे.

१९८९ चा अनुसूचित जाती-जमातींसाठीचा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित क्षेत्राची सीमा पाहत नाही, हे त्याचं मोठेपण. २०१५ च्या दुरुस्तीने संमतीविना केलेला लैंगिक स्पर्श आणि चेटकीण ठरवून केलेला छळ हे गुन्हे त्यात स्पष्ट नोंदवले. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, विशेष न्यायालयात खटला चालवायचा.

पण या कायद्याखाली मदतीची रक्कम मागायला गेलं की जातीचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा. ज्यांच्या आजी-पणजीला कुठल्या गावाने राहूच दिलं नाही, त्यांनी तो कुठून आणायचा? या बायांना दाखले पालावर नेऊन द्यायला हवेत, आणि ते काम सरकारचं आहे.